वेगळा पडलेला आकडा

१० फेब्रुवारी

ती. मामा,

नमस्कार. एरवी वाकून केला असता. सध्या वाकायला बंदी आहे, म्हणून हा आडव्याआडव्याच मानून घ्या.

बातमी आहे, आणि ती सहा महिने शिळी आहे. मला सव्वीस आठवडे पूर्ण झाले आहेत. रागावू नका. गेल्या वर्षी तिसऱ्या महिन्यातच सगळ्यांना सांगून बसले होते. पाचवा संपला आणि मग त्याच सगळ्यांना एकेक करून उलटं सांगायची वेळ आली. सर्वांत शेवटी किराणावाल्याला. 'मग, किती दिवस राहिले?' असं तो हसून विचारत राहायचा आणि मी दोन महिने दुसऱ्या दुकानातून साबण आणत होते. तेव्हा ठरवलं की यापुढे बातमी आधी पिकू द्यायची.

डॉक्टरबाईंच्या मते हे जोखमीचं बाळंतपण आहे. वय अडतीस, मागचा अनुभव आणि रक्तदाब. ऑफिसातून रजा घ्यायला लावली. वीस-वीस किलोची प्रमाण वजनं उचलून दुकानादुकानांतले काटे तपासायचे म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सर्कशीत कामाला आहे. आता घरी पडून असते. तुमचे जावई पहाटे बेकरीत जातात, दुपारी अंगाला मैद्याचा वास घेऊन परततात, आणि मधले आठ तास मी छताकडे बघते. छताला एक तडा आहे. तो वाढलेला नाही, मोजला आहे.

फोन केला असता, पण फोन कानाला लावला की तुम्हाला समुद्र ऐकू येतो, हे तुम्हीच सांगितलंय. म्हणून पत्र. मला काहीतरी लिहीत जा. फक्त सल्ला नको, तो इथे शेजारपाजारी भरपूर पिकतो.

तुमची,
गुंज


१५ फेब्रुवारी

चि. गुंजेस,

आशीर्वाद, आणि त्यामागोमाग राग. राग एका वाक्यात उरकतो: पोटात ठेवायची गोष्ट एकच होती, तू दोन ठेवल्यास. झाला राग.

तुझं पत्र आधी मामीने वाचलं. पाकिटं फोडण्याचा हक्क या घरात तिचा आहे आणि आतलं समजावून घेण्याचं कर्तव्य माझं. वाचून ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. ती आधीच घासलेली होती. मग पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "तिला लिहा, काही खावंसं वाटलं तर सांग म्हणावं." हा सल्ला नसून विचारपूस आहे, तेव्हा कलमाचा भंग झालेला नाही.

सल्ला मी देणारही नव्हतो. मला सध्या जे काही ज्ञान आहे ते सगळं घोड्यांबद्दलचं आहे. आमच्या हस्तलिखित विभागात घोड्यांच्या दुखण्यांवरची एक पोथी आली आहे. कर्ता अज्ञात, संस्कृत बेताचं, घोड्यावरची माया मात्र अस्सल. तिच्या सात नकला मिळाल्या आहेत. क, ख, ग, घ, च, छ, ज अशी त्यांना नावं देऊन आम्ही त्या शेजारी-शेजारी मांडतो आणि ओळीला ओळ लावून पाहतो. जिथे फरक पडेल तो टिपायचा आणि मूळ काय असेल ते ठरवायचं. तेवीस वर्षं मी हेच करतो आहे. मामी याला 'शेजाऱ्यांची भांडणं मिटवणं' म्हणते.

सातांत सहा शहाणे आहेत. 'घ' एकटा वेगळा. सहा जण पोटशुळाची पाच लक्षणं सांगतात, हा सहा सांगतो. आमच्या विभागप्रमुख बाईंचं म्हणणं आहे की त्याला नक्कल करता करता डुलकी लागली असावी. त्याला बाद करावं असा त्यांचा कल आहे.

आता मला एक सांग. तू 'जोखमीचं' असं लिहिलंस. हा शब्द मी आजवर जहाजांविषयी वाचला, भाचीविषयी नाही. डॉक्टरबाईंना नेमकं काय म्हणायचं आहे ते मला नीट समजाव, लहानपणी मला त्रैराशिक समजावायचीस तसं. शब्दाची भीती वेगळी आणि गोष्टीची वेगळी. दुसरी बहुधा लहान निघते.

एका कानाचा,
मामा


२४ फेब्रुवारी

ती. मामा,

आडवा नमस्कार.

तुम्ही विचारलंत म्हणून परवा डॉक्टरबाईंना तेच विचारलं, आणि त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. बाळाला रक्त पोचवते ती वार. तिच्याकडे जाणाऱ्या आईच्या नळ्या या दिवसांत रुंद व्हायला हव्यात. काहींच्या हव्या तेवढ्या होत नाहीत. मग वार कुरकुर करते आणि आईच्या अंगभर त्याचे पडसाद उमटतात. रक्तदाब चढतो, लघवीतून प्रथिनं जातात, पुढे मूत्रपिंड, यकृत, डोकं यांना त्रास होऊ शकतो. बाळाचं वजनही अडतं. याला एक इंग्रजी नाव आहे, ते ट्रकच्या मागे लिहिता येणार नाही इतकं लांब आहे. मला ते अजून झालेलं नाही. होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त आहे, म्हणून पहारा. जोखीम म्हणजे एवढंच, मामा. चोर आलेला नाही, पण गल्ली अंधारी आहे म्हणून दिवा लावून बसायचं.

तुमचं खरं ठरलं. चित्र पाहिल्यावर मी त्या दिवशी नीट जेवले.

त्यांनी एक यादी दिली आहे, ती मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. तुमच्यासाठी उतरवते: न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे ठिपके किंवा काजवे, चेहरा किंवा हात एकाएकी सुजणं, बरगड्यांखाली दुखणं, बाळाची हालचाल कमी वाटणं. यातलं काहीही झालं किंवा वरचा आकडा एकशेसाठच्या वर गेला, तर वाट बघायची नाही, तडक यायचं.

रक्तदाब घरीच मोजते, सकाळ-संध्याकाळ. हे काम मला इतकं आवडलं की काय सांगू! शेवटी माझ्याच धंद्यातलं निघालं. आमची पद्धत तुम्हाला ठाऊक नसेल. कुठलाही काटा तपासताना तेच वजन तीनदा ठेवायचं. दोन आकडे जुळले आणि एक वेगळा पडला, तर तो सोडून द्यायचा आणि उरलेल्या दोहोंची सरासरी धरायची. वेगळ्या पडणाऱ्याला आमच्याकडे 'वाऱ्याचा आकडा' म्हणतात. दुकानदाराचा पंखा चालू राहिला की तो येतो. मी घरीही तसंच करते. कच्च्या कागदावर तीन आकडे, वहीत एक. वही इतकी देखणी झाली आहे की डॉक्टरबाई म्हणाल्या, सगळ्यांनी अशी ठेवली तर माझं काम निम्मं होईल.

जेवणानंतर बाळाच्या लाथा मोजते. काल चाळीस मिनिटांत दहा. हे म्हणाले, "एवढ्या वेळात माझं पीठसुद्धा फुगत नाही."

गुंज


२ मार्च

चि. गुंजेस,

आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा सारखंच आवडलं, म्हणजे सरासरी काढायची गरज उरली नाही. अंधारी गल्ली आणि दिवा हे मामीला इतकं पटलं की तिने शेजारणीला स्वतःचं म्हणून सांगितलं.

तुझी तीन आकड्यांची रीत वाचून मला अभिमान वाटला. शास्त्र शास्त्र म्हणतात ते याहून निराळं काय असतं? दोन साक्षीदार एक बोलतात, तिसरा भलतंच काही सांगतो. शहाण्याने दोघांचं ऐकावं. हाच दाखला मी विभागप्रमुख बाईंना दिला. त्या खूश झाल्या. 'घ'ला बाद करण्याचं टिपण आता मलाच लिहायला सांगितलं आहे. बिचारा तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा ओसरीवर बसून घोड्याचं सहावं लक्षण उतरवत होता. एका बेकरीवाल्याच्या बायकोमुळे आपण निकालात निघणार आहोत हे त्याला कुठून कळावं?

माझी प्रकृती उत्तम. तू विचारलं नाहीस, पण विचारशील म्हणून आधीच सांगून ठेवतो.

मामीने लोकरीचं काहीतरी विणायला घेतलं आहे. आकारावरून टोपी की मोजा हे सांगता येत नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "जे बसेल ते."

तुझी पत्रं मी पोथ्यांसारखी पुठ्ठ्यात बांधून ठेवतो. पुढचं लवकर पाठव, पुठ्ठा सैल आहे.

मामा


१३ मार्च

ती. मामा,

उशीर झाला, माफ करा. हात जरा जड झालाय. उकाडा आहे ना, बोटं सुजतात. अंगठी निघेना, साबण लावून काढली.

बाकी झकास. वहीचं पान सोबत पाठवत नाही, पण आकडे बघा: १३४/८४, १३६/८६, १३६/८६, १३८/८८. सगळे एका ओळीत उभे, शाळेतल्या मुलांसारखे. कच्चा कागद मात्र पाठवते आहे. तुम्हाला खाडाखोड बघायला आवडते म्हणून. त्यावर वाऱ्याचे आकडे खोडलेले दिसतील. या आठवड्यात पाच आले, संध्याकाळचेच सगळे. कालचा तर अगदी वेडा होता, १६६/१०८. हाताचा पट्टा सैल बसला असणार. दोनदा पुन्हा घेतला तेव्हा खाली आला, मग तो खोडला. डॉक्टरबाईंकडे एकोणीस तारखेला जायचंच आहे, तेव्हा यंत्रही तपासून घेईन.

दोन दिवस वाचन जरा जास्त झालं. संध्याकाळी भिंतीवर काजवे उडाल्यासारखे वाटतात. डोळ्यांना विश्रांती देते आहे.

तुम्हाला एक गोष्ट कधी सांगितली नव्हती. गेल्या वर्षी मी तीनदा दवाखान्यात धावले होते. पोटात ओढतंय, पाठ दुखतेय, काहीतरी बरोबर नाही. तिन्ही वेळा काही सापडलं नाही. तिसऱ्या खेपेला तिथली बाई प्रेमाने म्हणाली, "तुम्ही फार काळजी करता हो." त्यानंतर अकरा दिवसांनी सगळं संपलं. त्या धावपळीचा आणि त्या संपण्याचा काही संबंध नव्हता, असं डॉक्टरबाईंनी नंतर मला नीट सांगितलं. पण ते वाक्य डोक्यात राहिलं. या खेपेला मी फार काळजी करणारी बाई होणार नाही. शांत राहायचं, आकडे लिहायचे, एवढंच.

'घ'चं टिपण झालं का?

गुंज


१६ मार्च, सकाळी दहा

गुंजे,

हे पत्र पोस्टाने येणार नाही. मीच घेऊन येतो आहे. समोर भेटल्यावर आधी हे वाच, कारण बोलायला लागलो की माझं विषयांतर होतं.

हे लिहितो आहे तेव्हा मामी शेजारच्या खोलीत बेकरीत फोन लावते आहे. एका कानानेसुद्धा ऐकू येतंय, म्हणजे आवाजाची कल्पना कर. ती जावईबापूंना सांगते आहे की भट्टी दुसऱ्या कोणाच्या हवाली कर, घरी जा आणि तिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. तू हे वाचशील तेव्हा बहुधा तिथल्या खाटेवर असशील आणि आमच्यावर चिडलेली असशील. खुशाल चीड.

झालं ते असं. तुझं पत्र आज आलं. सवयीने पुठ्ठा सोडला आणि २४ तारखेचं पत्र डाव्या हाताला, हे उजव्या हाताला ठेवलं. मला दुसरं काही येत नाही. डावीकडे लिहिलंय: डोळ्यांपुढे काजवे. उजवीकडे लिहिलंय: भिंतीवर काजवे. डावीकडे: हात सुजणं. उजवीकडे: अंगठी निघेना. डावीकडे: एकशेसाठच्या वर गेला तर तडक यायचं. उजवीकडे: १६६, आणि त्यावर एक सरळ, सुबक रेघ.

दोन्ही अक्षरं तुझीच.

गुन्ह्यात माझाही वाटा आहे. तुझ्या रिवाजाची मी तारीफ केली, तीही ऐटीत. काट्यासाठी तो रिवाज योग्य असेल. वजन आपल्या जागी राहतं, हलतो तो काटा. इथे जे तागडीत बसलं आहे तेच हलतं आहे. जे वेगळं पडतं ते वारा म्हणून सोडायचं नाही, पोरी. त्याच्यासाठीच तर मोजायचं.

आणि 'घ'. टिपण लिहायच्या आधी काल मी पोथीचं शेवटचं प्रकरण काढलं, निव्वळ आळसाने, पानं मोजायला. तिथे पोटशुळाचे उपाय आहेत. साती नकलांत सहा. लक्षणं पाच आणि उपाय सहा असं कसं होईल? सहा शहाण्यांनी एक लक्षण गाळलं होतं आणि डुलकीवाल्याने ते जपलं होतं. काल मी यावर एकटाच हसलो. आज सकाळी तुझं पत्र वाचलं आणि हसू गेलं.

फार काळजी करणारी बाई हो. माझी परवानगी आहे.

साडेदहाची बस पकडतो. कच्चा कागद माझ्या खिशात आहे.

मामा


२४ मार्च

ती. मामा,

नमस्कार. दवाखान्याच्या खाटेवरून, म्हणजे तुम्ही मला सोडून गेलात तिथूनच.

तुम्हाला समोर बसून ऐकू आलं नाही ते आता सगळं लिहून काढते. (तुम्ही मान हलवत होतात, पण परिचारिका तापाबद्दल विचारत होती आणि तुम्ही बसचं वेळापत्रक सांगितलंत.)

हे बेकरीतून तसेच आले, हाताला पीठ. मी भांडले. उगाच धावायचं नाही असं मी ठरवलं होतं ना. यांनी माझ्या चपला आणून पायात घातल्या. दवाखान्यात पोचल्यावर पहिला आकडा १७२/११० आला. मी म्हटलं, चालत आले म्हणून असेल, परत घ्या. परत १७०. तिसऱ्यांदा घ्या म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

मग सलाईन, आकडी येऊ नये म्हणून एक औषध (त्याने अंगातून जाळ निघाला), रक्तदाब उतरवायच्या गोळ्या, आणि बाळाची फुप्फुसं लवकर पिकावीत म्हणून दोन इंजेक्शनं. तुम्ही आलात तेव्हा ते सगळं चालू होतं. तुम्ही मला आधी पत्र दिलंत आणि कच्चा कागद डॉक्टरबाईंच्या हातात. तुम्ही बाहेर गेल्यावर त्या माझ्या खाटेवर बसल्या. एका हातात माझी देखणी वही, दुसऱ्या हातात तो चुरगळलेला कागद.

म्हणाल्या, "मी ही वही बघून तुम्हाला शाबासकी दिली होती. मला हा कागद हवा होता."

मी म्हटलं, "मला वाटलं, मी फार काळजी करते आहे."

"ते ठरवायचं काम माझं," त्या म्हणाल्या. "तुमचं काम मला सगळं सांगायचं. मी शंभरदा म्हणेन, काही नाही, घरी जा. तुम्ही एकशेएकाव्यांदा या."

मामा, मी रडले. गेल्या वर्षापासूनचं राहिलेलं होतं.

आता इथेच मुक्काम आहे, बाळ होईपर्यंत. आज बत्तीस आठवडे पूर्ण झाले. चौतीसपर्यंत टिकलं तर उत्तम, त्याआधी वेळ आली तरी इथे सगळी तयारी आहे. एकेक दिवस पदरात पडतोय. भिंतीवरचे काजवे गेले. परिचारिका चार-चार तासांनी आकडा घेते आणि जसा येईल तसा टिपते, कितीही कुरूप असो. मी शेजारी पडून बघते आणि हात शिवशिवतात, पण गप्प बसते.

एक गंमत. काल मला चाकाच्या खुर्चीतून नवजात बाळांच्या खोलीकडे नेलं, आधी बघून ठेवा म्हणून. तिथे छोटा काटा आहे. त्याच्या बाजूला शिक्का. ओळखीचा वाटला म्हणून वाकले (थोडंसंच). नोव्हेंबरचा, खाली माझी सही. तेव्हा मला तीन महिने झाले होते आणि कोणाला सांगितलेलं नव्हतं. त्या दिवशी या खोलीत मी घाईघाईत शिरले होते आणि बाळांच्या एकाही काचेच्या पेटीकडे न बघता बाहेर पडले होते.

आता तुमचं. परिचारिकेने सहज म्हणून तुमच्या हाताला पट्टा बांधला होता, आठवतं? १७८. तुम्ही 'बसचा धक्का' म्हणालात. मामीला विचारलं तर कळलं की गोळ्या जानेवारीपासून ड्रॉवरमध्ये आहेत, कारण त्यांनी तोंड कडू होतं. 'माझी प्रकृती उत्तम' ही तुमची सुबक वही. कच्चा कागद पाठवा.

गुंज


३१ मार्च

चि. गुंजेस,

आशीर्वाद, आणि कबुली.

गोळ्या सुरू केल्या. तोंड कडू होतं ते मामीच्या मते शोभतं. रोज सकाळी ती आकडा घेते आणि कॅलेंडरवर लाल शाईने लिहिते, आल्यागेल्याला दिसेल असा. काल दूधवाला म्हणाला, "आज एकशेचाळीस, चांगलं आहे हं काका." माझ्या शरीराची अशी सटीप आवृत्ती निघेल असं वाटलं नव्हतं.

कच्चा कागद मागितलास, म्हणून आणखी एक खोडलेली गोष्ट वर काढतो. तुला गुंज का म्हणतात हे तू मला लहानपणी विचारायचीस. मी सांगायचो की तुझ्याकडे लाल-काळं झबलं होतं. ते खोटं होतं. तू आठव्या महिन्याच्या सुरुवातीला झालीस, घरात, वेळ न देता. सुईण म्हणाली, वजन बघायला हवं, आणि काटा कोणाकडेच नव्हता. तेव्हा तुझे आजोबा पोस्टात होते. मी पळत जाऊन पार्सलं जोखायचा काटा उचलून आणला. तुला टॉवेलात गुंडाळून त्यावर ठेवलं, आणि आजोबा मोठ्याने म्हणाले, "ही तर गुंजभर आहे." किती भरलीस ते त्यांनी त्यांच्या डायरीत लिहिलं: सोळाशे ग्रॅम, टॉवेलासकट.

तुझ्या आईने हे तुला कधी सांगू दिलं नाही. तू आपल्याला कमकुवत समजशील असं ताईला वाटायचं. ती गेल्यावर सांगता आलं असतं, पण खोट्याची सवय होते. आज सांगतो, कारण आता हे ऐकून तू दुसरंच काहीतरी समजशील. सोळाशे ग्रॅमची ती मुलगी पुढे वीस-वीस किलोची वजनं उचलत गावभर हिंडली आणि दुकानदारांना घाम फोडत राहिली.

'घ' मूळ संहितेत गेला. उरलेले सहा तळटीपेत. विभागप्रमुख बाईंनी सही करताना एवढंच म्हटलं की माणूस डुलकी घेत असला तरी प्रामाणिक असू शकतो. हे त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या.

मामीचं विणकाम पुरं झालं. टोपी आहे. फार लहान झाली म्हणून ती उसवायला निघाली होती. मी म्हटलं, राहू दे.

मामा


७ एप्रिल

ती. मामा-मामी,

नमस्कार. पत्र लिहायची सवय नाही, थोडक्यात लिहितो. काल रात्रीपासून तिचा रक्तदाब गोळ्यांना जुमानेना आणि डोकं दुखायला लागलं. तिने स्वतःच घंटा दाबली, लगेच. आज चौतीस आठवडे झाले. सकाळी ऑपरेशन केलं. मुलगी आहे. रडली, मी दाराबाहेरून ऐकलं. ती काचेच्या पेटीत आहे, नाकाला बारीक नळी. वजन अठराशे चाळीस. दुपारपर्यंत मी सगळ्यांना सात पाव आणि वर थोडं असंच सांगत होतो, मग एका डॉक्टरांनी थांबवलं.

गुंज झोपली आहे. तिचा आकडा आता १४८ आहे. पुढचे काही दिवस तिच्यावर लक्ष ठेवणार आहेत, कारण बाळ झालं तरी हे लगेच जात नाही म्हणे. सगळे आकडे लिहितोय मी. एकही खोडलेला नाही.

आपला,
जावई


१६ एप्रिल

ती. मामा,

नमस्कार. आजचा उभ्याने.

काल पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी त्या खोलीपर्यंत गेले. रक्तदाब अजून गोळीवर आहे, पण डॉक्टरबाईंच्या मते तो परतीच्या वाटेला लागलाय. पुढे आयुष्यभर अधूनमधून मोजत राहायला सांगितलं आहे. म्हटलं, त्याची चिंता नको, आमच्या घराण्यात आता कॅलेंडर आहे.

नाकाची नळी परवा काढली. ती स्वतःच श्वास घेते, आणि मध्येच विसरल्यासारखी थांबते. मग पेटीवरचं यंत्र ओरडतं आणि माझा जीव उडतो. परिचारिका येऊन तळपायाला टिचकी मारते, की पुन्हा सुरू. या वयात असं होतं, काही दिवसांत जातं, असं म्हणतात. मी तरी प्रत्येक वेळी विचारते. दिवसातून नऊदा विचारलं तरी कोणी मला 'फार काळजी करता' म्हणालेलं नाही. एकीने तर स्टूल आणून दिलं, की बसून करा.

मामीची टोपी बरोब्बर बसली. मामीला सांगा, आणि त्यांना भांडी घासायला जाऊ देऊ नका.

नाव अजून ठरलेलं नाही. हे तिला 'सातपाव' म्हणतात. मी हाणून पाडायचा प्रयत्न करते आहे, पण परिचारिकांनी ते उचललंय.

आज सकाळी वजन करायची वेळ आली तेव्हा मी तिथेच होते. आधी बरंच उतरलं होतं, ते आता चढायला लागलंय. परिचारिकेने तिला काट्यावर ठेवलं, माझ्या सहीच्या बरोबर वर. मी म्हटलं, तीनदा घ्या. ती हसली, पण घेतलं. अठराशे दहा. अठराशे दहा. तिसऱ्या खेपेला बाईसाहेब जाग्या झाल्या, दोन्ही पाय झाडले, आणि आकडा अठराशे पस्तीसवर उडाला.

"हा शेवटचा सोडते," परिचारिका म्हणाली. "हलली ना ती."

मी म्हटलं, "तोही लिहा. वाऱ्याचा नाही तो. तिचा आहे."

गुंज